दावीद ‘लीडर’ आणि शौल ‘बॉस’? मूळ पुस्तक काही वेगळंच सांगतं

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फिरून येणारा एक मजकूर आहे. सारांश असा: इस्राएलचा पहिला राजा शौल हा ‘बॉस’ होता आणि दुसरा राजा दावीद हा ‘लीडर’. निःशस्त्र पोरानं नुसत्या आत्मविश्वासावर राक्षस लोळवला. शौल मत्सरापायी संपला. दावीदानं मात्र कधी सूड घेतला नाही, तो कायम आघाडीवर राहिला आणि सगळ्यांना सोबत घेऊन त्यानं राज्य उभं केलं. खाली जोडलेले हात आणि पुष्पगुच्छ.

हे सगळं ज्यांच्या नावावर खपवलं जातं ती बायबलमधली शमुवेलाची दोन पुस्तकं आणि राजांच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात मराठीत सहज मिळते, आणि वाचायला एक रविवार पुरतो.

आधी तो निःशस्त्र पोरगा. दावीदाच्या हातात गोफण होती. गोफण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जोंधळ्यातली पाखरं हाकणारा पोर येतो, आणि घोळ तिथंच होतो. त्या काळी गोफण हे लढाईचं हत्यार होतं. बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकात इस्राएलच्या बन्यामीन वंशातले ७०० डावखुरे गोफणवाले येतात, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरी फौजेनं लाखीश शहर घेतलं, त्या वेढ्याची कोरीव शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतही गोफणवाले सैनिक दिसतात. तो ‘राक्षस’ म्हणजे शत्रूकडचा, पलिष्ट्यांचा योद्धा गल्याथ. त्याच्या अंगावर ५,००० शेकेल वजनाचं चिलखत होतं आणि पुढे ढाल धरणारा माणूस. दावीदानं शौलाचं चिलखत घालून पाहिलं, चालता येईना म्हणून उतरवलं आणि भाल्याच्या टप्प्याबाहेरूनच काम उरकलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात शौलाचा एक चाकर त्याची ओळख ‘शूर आणि लढवय्या’ अशी करून देतो. राहता राहिला आत्मविश्वास. तो शब्द दावीदाच्या तोंडी कुठंच नाही. तो म्हणतो, लढाई परमेश्वराची आहे.

(गल्याथाच्या उंचीवरून भांडू नये हे बरं. रूढ हिब्रू पाठात ती सहा हात आणि एक वीत आहे, तर मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या हस्तलिखितात चार हात आणि एक वीत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तर गल्याथाला मारल्याचं श्रेय एल्हानान नावाच्या भलत्याच माणसाला दिलेलं आहे.)

शौल मत्सरानं संपला म्हणावं, तर देवानं त्याला राजा म्हणून नाकारलं तेव्हा दावीद कथेत आलेलाच नव्हता. गिलगालला फौज पांगत चालली होती, संदेष्टा शमुवेल ठरल्या सात दिवसांत आला नाही, म्हणून त्यानं करायचा यज्ञ शौलानं स्वतःच उरकला. पुढे अमालेकी या शत्रू टोळीवरच्या स्वारीत काहीही राखायचं नाही असा हुकूम असताना त्यांचा राजा अगाग आणि चांगली गुरंमेंढरं राखली गेली. जाब विचारल्यावर शौल सांगतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. आपल्याच माणसांना घाबरणाऱ्याला ‘बॉस’ कसं म्हणायचं? मत्सर आला तो नंतर, बायकांनी ‘शौलानं हजार मारले, दावीदानं दहा हजार’ असं गाणं म्हटल्यावर. आणि तो भयंकरच होता. दावीदाला भाकर दिली म्हणून त्यानं नोब गावच्या ८५ याजकांची कत्तल करवली. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण याच शौलानं राज्याच्या सुरुवातीला याबेश-गिलाद हे गाव वेढ्यातून सोडवलं होतं, आणि त्या विजयानंतर त्याच्या विरोधकांना मारायला निघालेल्या लोकांना ‘आज कोणालाही मारायचं नाही’ म्हणून अडवलं होतं. तो मेल्यावर पलिष्ट्यांनी त्याचं प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगलं, तेव्हा याबेशचे लोक रात्रभर चालून गेले आणि ते उतरवून घेऊन आले. बॉससाठी एवढं कोण करतं?

आता सर्वांत लाडका दावा: दावीदानं सूड घेतला नाही.

जिवावर उठलेला शौल हाती लागूनही त्यानं त्याला दोनदा सोडलं हे खरं. एन-गेदीच्या गुहेत झग्याचा काठ कापून घेतला, दुसऱ्या वेळी छावणीत शिरून उशाचा भाला आणि पाण्याचा चंबू उचलला. या दोन प्रसंगांच्या मधोमध पहिल्या पुस्तकाचा २५वा अध्याय आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्यानं नेमका तोच गाळलाय. मेंढरांचे कळप बाळगणाऱ्या नाबाल नावाच्या श्रीमंतानं दावीदाच्या माणसांना रसद नाकारली, वर अपमान केला. दावीद ४०० माणसं घेऊन निघाला, सकाळपर्यंत नाबालाचा एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही अशी शपथ घेऊन. वाटेत नाबालाची बायको अबीगईल गाढवांवर भाकरी, द्राक्षारस आणि अंजिरांच्या ढेपा लादून आडवी आली आणि म्हणाली, उद्या तुम्ही राजा व्हाल तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याची टोचणी नको. तो थांबला, तिच्यामुळे.

म्हातारपणी थांबवणारं कोणी उरलं नाही. शिमी नावाच्या माणसानं पूर्वी त्याला शिव्याशाप देत दगड मारले होते. दावीदानं ‘तू मरणार नाहीस’ अशी त्याला शपथ दिली. मरणशय्येवर मुलाला, शलमोनाला, सांगितलं, शपथ मी दिलीय, तू शहाणा आहेस, त्याचं पिकलं डोकं रक्तानं माखून अधोलोकी पाठव. ज्या यवाबानं जन्मभर त्याच्या लढाया जिंकून दिल्या, त्याच्यासाठीही हेच फर्मान. यवाबाचे हातही रक्तानं माखलेले होते, पण इतकी वर्षं उपयोगी पडत होता तोवर चालला. पुढे आश्रयासाठी वेदीची शिंगं धरून बसलेला असताना त्याला तिथंच मारलं.

शौलाची उपपत्नी रिस्पाही मजकुरात नाही. तीन वर्षांच्या दुष्काळाचं कारण शौलानं केलेली गिबोन गावच्या लोकांची हत्या, असं ठरलं, आणि दावीदानं शौलाचे सात वंशज त्यांच्या हवाली केले. त्यांनी ते सातही मारले. त्यांतले दोन रिस्पाचे. तिनं खडकावर गोणपाट अंथरलं आणि सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरं, रात्री श्वापदं हाकत प्रेतं राखली. ते कानावर गेल्यावर राजानं शौलाची आणि त्याचा मुलगा योनाथान याची हाडं मागवून त्यांच्या वाडवडिलांच्या कबरीत ठेवली.

‘आघाडीवर राहिला’ याला पुस्तकातलं एकच वाक्य पुरेसं आहे: राजे लढाईला निघतात त्या ऋतूत दावीदानं यवाबाला पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. त्याच मुक्कामात त्यानं आपल्याच फौजेतल्या उरीयाच्या बायकोला बोलावून घेतलं. उरीयाला लढाईत एकटं पाडून मरू द्या, असं पत्र यवाबाला लिहिलं आणि ते उरीयाच्याच हाती पाठवलं. नाथान संदेष्ट्यानं गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून ‘तो माणूस तूच’ असं तोंडावर सुनावलं. दावीदानं त्याला मारलं नाही, पाप कबूल केलं. शौलापेक्षा तो कुठे वेगळा असेल तर तो इथं आहे, आणि मजकुरात नेमकं हेच नाही.

राहिलं ‘सगळ्यांना सोबत घेऊन’. दावीदाचा मुलगा अम्नोन यानं सावत्र बहीण तामारवर बलात्कार केला, तेव्हा बाप रागावला आणि गप्प बसला. दोन वर्षांनी तिच्या सख्ख्या भावानं, अबशालोमानं, अम्नोनाला चाकरांकरवी मारवलं. पुढे हाच अबशालोम वेशीवर उभा राहून गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांना सांगायचा, राजाकडे तुमचं ऐकणारं कोणी नाही. बंड झालं. ते मोडतं न मोडतं तोच शेबा नावाचा माणूस ओरडला: दावीदात आमचा वाटा नाही! नातू रहबाम गादीवर बसला तेव्हा उत्तरेकडच्या वंशांनी शखेमात हीच घोषणा पुन्हा दिली, वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला दगडांनी ठेचून मारलं, आणि रहबाम रथात चढून यरुशलेमेला पळाला.