नस दबली नव्हती

गेल्या ऑक्टोबर छाटणीत, सकाळी सातच्या सुमारास, निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत वडिलांच्या उजव्या हातातून कात्री गळून पडली. दुखलं काहीच नाही. मनगट लोंबत होतं, बोटं सरळ होईनात, शर्टाचं बटण लागेना. पण तोंड सरळ, बोलणं स्वच्छ, खांदा-कोपर ठणठणीत, चालत घरी आले. आठ दिवस कात्री चालवतायत, नस दबली असणार, असं आम्हीच ठरवून टाकलं. मालिश केली, शेक दिला. गावातल्या दवाखान्यातून बी-ट्वेल्व्हची गोळी आणली. दुसऱ्या दिवशी नाशिकला एमआरआय काढला, तर मेंदूच्या डाव्या बाजूला छोटासा डाग. अर्धांगवायू, फक्त पंजाचा!

आपल्याकडे लकवा म्हटलं की वाकडं तोंड आणि ओढत चालणारा पाय डोळ्यांसमोर येतो. पण मेंदूत पंजाची हालचाल सांभाळणारी एक छोटी, गाठीसारखी घडी असते. रक्ताची गुठळी नेमकी तिथल्या बारीक वाहिनीत अडकली, तर बाकी अंगाला काही होत नाही, पंजा तेवढा लुळा पडतो. असं क्वचितच होतं, म्हणूनच फसायला होतं.

दंडाजवळ नस दबली तरी मनगट असंच पडतं. डॉक्टरांनी वडिलांना मूठ आवळायला लावली, तेव्हा पडलेलं मनगट आपोआप थोडं वर आलं. नस गेली असती तर ते आलं नसतं, असं त्यांनी दाखवलं. शिवाय एकाच नसेच्या हिशोबात बसणार नाही इतकी सगळी बोटं कमजोर होती. हे तपासणं त्यांचं काम, घरी करत बसायचं नाही. आपण एवढंच बघायचं: अचानक झालं का? असेल, तर दुखत नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. बीपी, शुगर, तंबाखू किंवा हृदयाचे अनियमित ठोके असलेल्या माणसाच्या बाबतीत तर अजिबातच नाही. वडिलांनी बीपीची गोळी दिवाळीनंतर बघू म्हणून बंद केली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

चेहरा, हात, बोलणं ही तीन लक्षणं हल्ली बऱ्याच जणांना पाठ असतात. माझं कळकळीचं म्हणणं आहे की तिन्ही दिसायची वाट बघू नका, एक पुरे. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन, मेंदूचे डॉक्टर असतील तिथेच न्या. सुरुवातीच्या सीटीत एवढासा डाग दिसत नाही, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला तरी एमआरआयचं विचारा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. नाशिक आमच्यापासून तासाभरावर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हात शेवटचा नीट कधी चालत होता?" मी म्हटलं, "काल सकाळी सात." त्यांनी पेन खाली ठेवलं.