टिल्लूच्या बरगड्या

काल संध्याकाळी एका अनोळखी म्हाताऱ्याने, जनावरांच्या दवाखान्यात, नऊ माणसं, दोन मांजरी आणि एका सशादेखत माझ्या बरगड्या चाचपल्या. त्याला त्या सापडल्या नाहीत.

मी काही माझ्यासाठी गेलो नव्हतो. टिल्लूला घेऊन गेलो होतो. टिल्लू आमचा लॅब्राडोर. आणला तेव्हा बुटाच्या खोक्यात मावायचा, म्हणून हे नाव. नागपुरात टिल्लू म्हटलं की आणखी एक वस्तू आठवते: नळाला चोरून लावायचा तो छोटा पंप, जो एकटा अख्ख्या गल्लीचं पाणी ओढतो. नाव ठेवताना हे डोक्यात नव्हतं. महानगरपालिका ते पंप जप्त तरी करते.

दवाखान्यातला वजनकाटा बाहेरच, बाकड्यांसमोर. कंपाउंडरने टिल्लूला वर चढवलं आणि बर्डीच्या बाजारात भाव ओरडतात त्या आवाजात पुकारलं, "एक्केचाळीस सहाशे!"

"बाप्पा!" कोपऱ्यातून आवाज आला. "माही सून चाळीसची हाय."

धोतर, बंडी, गळ्यात दुपट्टा, आणि हातात सुतळीचं एक टोक. दुसऱ्या टोकाला गावठी कुत्रा. तांबूस, सडपातळ, आणि बसलेला असा की जणू दवाखाना त्याच्याच मालकीचा आहे. नाव राजा. रेबीजच्या इंजेक्शनला आलेला.

"काय खाऊ घालता जी याले?"

मी म्हटलं, साधंच. घरचं.

"साधंच म्हणजे?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अनोळखी माणसाला उत्तर देणं ही आमची नागपुरी खोड. मी सांगितलं: चिकन-भात, सकाळी दूध-पोळी, मधे बिस्किट. आणि जरा कौतुकाने जोडलं की हिवाळ्यात रोज एक संत्रंही देतो, व्हिटॅमिन सीसाठी. काकांनी राजाकडे पाहिलं. राजाने तोंड फिरवलं.

"हात द्या बरं तुमचा."

दिला. का दिला, ते मला अजून कळलेलं नाही.

"वळा मूठ. हां. आता मुठीवरच्या हाडांवरून बोट फिरवा. टोचते ना? कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर समजा उपाशी हाय. आता मूठ सोडा, हात सरळ. पंजाच्या वरून फिरवा. हाडं लागते, पन वर जरासं मांस हाय. हे बरोबर. आता करा उलटा. तळव्याच्या गादीवर दाबा. लागते काही?"

"नाही."

"हा तुमचा कुत्रा."

बाकड्यांवर हशा पिकला. इथवर मी सहन केलं, कारण पद्धत चोख होती. त्यांना ती याच डॉक्टरांनी शिकवली होती आणि शिकलेलं वाया जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. वाकून त्यांनी टिल्लूच्या दोन्ही कुशींवर पंजे ठेवले, डोळे मिटले, नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखी मान हलवली. टिल्लूला वाटलं लाड चाललेत. तो उताणा झाला. काका उठले आणि, कसं सांगू, त्याच पंजांनी, त्याच मिटल्या डोळ्यांनी, माझ्या शर्टावरून...

"तुमची बी हेच गत हाय जी."

हसं झालं याचं मला एवढं वाटलं नाही. पण त्यानंतर जी शांतता पसरली ना, ती लागली. कारण त्या शांततेत प्रत्येक जण हळूच स्वतःच्या बरगड्या चाचपत होता. सशावाल्या बाईंनी पर्स मांडीवर घेऊन तिच्याआडून तपासलं. मांजरीवाल्या मुलाला सापडल्या, तो खुलला. कंपाउंडर शटरकडे तोंड करून उभा राहिला. आणि हे सगळे मधून मधून माझ्याकडे बघत होते, कारण त्या खोलीत निकाल जाहीर झालेला मी एकटाच.

डॉक्टरांनी आत चार मिनिटं दिली. टिल्लूचं वजन 33 किलोवर आणायचं, त्यासाठी दिवसाला साधारण 960 कॅलरी. त्यातल्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त वरच्या खाऊत जाता कामा नयेत. मी हिशेब मांडला. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसेक कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला पावणेचार बिस्किटं. आमच्या वॉचमनची एकट्याची सलामीच तेवढी असते.

मग संत्रं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याचं यकृत व्हिटॅमिन सी स्वतःच तयार करतं, बाहेरून द्यायची गरज नसते. एखाददुसरी फोड दिली तर बिघडत नाही, पण उपकारही होत नाहीत. नागपूरच्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगायचं की या घरात संत्र्याची गरज नसलेला एक प्राणी राहतो! मी विषय बदलला.

चिकन-भाताचीही तीच गत. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते ताटात मिळालं नाही की शरीर स्वतःच्याच हाडांतून काढतं. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, ते फुटून टोकं आतड्यात घुसतात. म्हणजे तीन वर्षं मी सकाळी उठून कुकर लावत होतो तो अपुऱ्या आहाराचा. यावर कोणी शाबासकी देत नाही.

दुकानातलं खाणं बघा म्हणाले. बघितलं. पोत्यावर सालमन मासा आणि ब्लूबेरी. सालमन मी स्वतः अजून खाल्लेला नाही. किंमत ऐकून मी दुकानदाराला पुन्हा सांगायला लावली, त्याने तीच सांगितली. पुढची चित्रं बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं: आहार संपूर्ण आणि संतुलित आहे असं लिहिलंय का, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी कोरड्या वजनाच्या 18 टक्के तरी प्रथिनं आहेत का. ती अक्षरं इतकी बारीक की मी चष्मा काढला, घातला, शेवटी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचला. मासा मात्र दहा फुटांवरून दिसत होता.

डॉक्टरांची एकच गोष्ट मला मनापासून आवडली. लॅब्राडोरमध्ये साधारण चौघांत एकाच्या जनुकात एक तुकडा गहाळ असतो, त्यामुळे पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत नीट जात नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी हे 2016 मध्ये दाखवलं. मी घरी येऊन चप्पल काढायच्या आत हे जाहीर केलं. बायको म्हणाली, "टिल्लूचं समजलं. तुम्ही कोणत्या जातीचे?"

बरगड्यांची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. सशावाल्या बाई तिच्या भिशीत आहेत.

रात्री मी घरच्यांची बैठक घेतली. कोण काय देतं, खरं सांगा. आई म्हणाली, ती काहीच देत नाही, फक्त पहिली पोळी. तूप लावून? "कोरडी पोळी मुक्या जनावराला?" मुलगा डब्यातलं उरलेलं देतो. दूधवाला पातेल्यात घालून राहिलेलं देतो. शेजारच्या काकू चतुर्थीला मोदक देतात आणि इतर दिवशी चतुर्थीची आठवण म्हणून काहीतरी देतात. हे सगळं प्रेम. आणि काट्यासमोर मान खाली घालून उभा कोण? मी. वजन वाढवायला सगळा मोहल्ला, उतरवायला मी एकटा, पावतीवर नावही माझंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिला लोक रोगराई, महागाई घेऊन जायला सांगतात. यंदा मी रस्त्यात उभा राहून ओरडणार आहे: बिस्किटं घेऊन जा गे मारबत!

डॉक्टरांनी एक जुना प्रयोगही सांगितला होता. 48 लॅब्राडोर, जोड्या लावलेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. हे मी आईला सांगितलं. ती थोडा वेळ टिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि ते दुसरे, ज्यांना पोटभर दिलं, त्यांनी काय पाप केलं होतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने पोळी अर्धी केली. तूप तेवढंच ठेवलं.

आज सकाळी टिल्लूला फुटाळा तलावावर फिरवायला नेलं. चालणं झालं, म्हणून परत येताना तर्री पोह्यांच्या ठेल्यावर थांबलो. फक्त माझ्यासाठी. टिल्लूला बाकाला बांधला, तो शहाण्यासारखा बसून माझ्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवत होता.

आणि रस्त्याच्या पलीकडून सुतळी आली.

काकांनी चहा सांगितला. ठेल्यावरच्या पोऱ्याने राजापुढे चमचाभर पोहे टाकायला हात उचलला, तसे काका त्याच्यावर खेकसले, "ए बे! कांदा हाय त्याच्यात! कांद्यानं कुत्र्याचं रक्त खराब होते, समजत नाई का?" मग बंडीच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकर काढली, चतकोर मोडली, राजाला दिली. उरलेली परत गुंडाळून खिशात. राजाने ती सावकाश, दोन पायांत धरून, चावून चावून खाल्ली. मी एवढ्या शांतपणे जेवणारा कुत्रा पाहिलेला नाही. माणूस तर नाहीच.

भाकर कुत्र्याला चालते, बरं का. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्ट पदार्थ कितीतरी चांगले पचतात, माणसाच्या उकिरड्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहून त्याच्या जनुकांत तशी सोय झाली आहे. हे मी काकांना सांगणार होतो. निदान एका बाबतीत तरी माझ्याकडून त्यांनी काही ऐकावं असं फार वाटत होतं.

पण तेवढ्यात पोऱ्याने माझ्यासमोर प्लेट ठेवली. तर्री काठोकाठ, वरून चिवडा. काकांनी आधी टिल्लूकडे पाहिलं, मग प्लेटकडे, मग माझ्या शर्टाकडे, बरोबर कालच्याच जागी.

"हे दुसरी व्हय ना जी?"

तिसरी होती.