‘कशालाही नाही म्हणू नका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘मुंबईत ॲक्टर व्हायचंय? हे पाच नियम पाळा’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की अभिनय शिकून येत नाही, कॉन्फिडन्स लागतो. नाट्यशाळेत वर्षं घालवू नका, सात दिवसांचं वर्कशॉप पुरे. आधी भारी पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, करा. रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, त्याशिवाय मोठ्या ऑफिसात कुणी उभं करत नाही. आणि शेवटचा नियम: ऑडिशनला कशालाही नाही म्हणू नका, खरा कलाकार लाजत नाही.

असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण डोंबिवलीच्या माझ्या भाचीने तो वाचून कॉलेजच्या एकांकिकेची तालीम सोडली आणि ताईकडे वर्कशॉपचे पैसे मागितले. ताईने तो मला पाठवून विचारलं, ‘खरं असतं का गं हे?’

आधी शेवटचाच नियम घेते, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. ऑडिशनला काय होतं? वर्सोव्याच्या आराम नगरात कास्टिंगची, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणारी ऑफिसं आहेत, तिथे जाऊन बघा. कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची. डावी बाजू, उजवी बाजू दाखवायची. दिलेला सीन करायचा, सांगितलं तर पुन्हा वेगळ्या तऱ्हेने करायचा. झालं. सीनमध्ये जवळीक असेल तर ते आधी सांगायला हवं आणि विचार करायला वेळ द्यायला हवा. रात्री कॉफीला बोलावणं, हॉटेलच्या खोलीत ‘लूक टेस्ट’ घेणं, ‘जरा मोकळी हो’ म्हणत अंगाला हात लावणं, यातलं काहीही ऑडिशनमध्ये बसत नाही. अठरा वर्षांच्या मुलीला ‘नाही म्हणशील तर तू कलाकार नाहीस’ असं शिकवायचं, म्हणजे समोरच्या माणसाचं काम आपणच सोपं करून द्यायचं.

‘पण तिला अजून काम मिळालेलंच नाही, ती तक्रार कुठे करणार?’ असं ताईनेही विचारलं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा यावर अगदी स्पष्ट आहे. तक्रार करणारी स्त्री कोणत्याही वयाची असू शकते आणि ती तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. म्हणजे नुसती ऑडिशनला गेलेली मुलगीही तक्रार करू शकते. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल आणि तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे प्रत्येक अभिनयाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आता ‘शिकून येत नाही’चं बघू. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. निळू फुले कुठल्या नाट्यशाळेत गेले नव्हते, डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन. पण निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले आणि डॉक्टरांनी पूर्णवेळ नट होण्याआधी वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली. तेही शिक्षणच होतं, फक्त त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही. आणि नसिरुद्दीन शाह, ओम पुरी? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षं काढून ते पुन्हा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेले. त्यांना सात दिवस पुरले नाहीत.

कॉन्फिडन्स कुठून येतो ते मी भाचीच्याच तालमीत बघितलंय. ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’ एवढंच वाक्य. ती ‘का’ गिळायची आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. दिग्दर्शक ओरडला नाही. ‘बाबा’नंतर श्वास घे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला विचार, एवढंच म्हणाला. तिने किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. श्वास जागेवर बसला तसा ‘का’ ऐकू यायला लागला आणि ओढणी आपोआप सुटली. तिला कुणीही ‘कॉन्फिडंट हो’ म्हटलं नव्हतं. शिवाय राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशासाठी पदवीबरोबर नाटकांतल्या कामाचा अनुभवही लागतो. तो अशा एकांकिकांतूनच मिळतो, आणि हा मेसेज वाचून तिने सोडली ती नेमकी एकांकिकाच.

राहिला पैशांचा विषय. फोटो लागतात, खरंय. पण सुरुवातीला खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेले साधे, फिल्टर न लावलेले फोटो चालतात. रजिस्ट्रेशन फी मात्र शुद्ध लुबाडणूक आहे. कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो, ऑडिशनला आलेली पोरं नाही. कुणी आधी क्यूआर कोड पुढे केला तर तिथूनच परत फिरायचं. आणि पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करायचा, घरचे ओरडतील म्हणून दोन दिवस गप्प बसायचं नाही.