बाहुलीवर शिकलेली नर्स कच्ची राहते?

नर्सिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. आशय असा: 'सिम्युलेशन हे नवं फॅड आहे. बाहुलीला दुखत नाही. तिच्यावर शिकलेले विद्यार्थी खऱ्या पेशंटसमोर कच्चे पडतात. पहिल्या दिवसापासून वॉर्डात उभं करा, आपोआप शिकतील.'

सिम्युलेशन म्हणजे खऱ्या पेशंटआधी नकली प्रसंग उभा करून केलेला सराव. तो 'नवं फॅड' तर नाहीच. अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये १९११ साली माणसाएवढी बाहुली आली होती. बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांनी ती केली, म्हणून तिचं नाव पडलं 'मिसेस चेस'.

'दुखत नाही' हे मात्र खरं. बाहुली कण्हत नाही, म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी कशी असते हे तिच्यावर कळत नाही. पण सिम्युलेशन म्हणजे फक्त बाहुली हे कोणी ठरवलं? हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनी १९६३ मध्येच धडधाकट माणसाला पेशंटची भूमिका शिकवून वर्गात आणलं होतं. अशा माणसाच्या दंडावर इंजेक्शनचं पॅड बांधलं, की सुई पॅडमध्ये जाते आणि 'खूप दुखेल का हो सिस्टर?' याला उत्तर मात्र द्यावंच लागतं.

आता 'कच्चे पडतात'. अमेरिकेतल्या नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगने १० नर्सिंग अभ्यासक्रमांत हे तपासलं. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. एका गटाचे नेहमीसारखे क्लिनिकलचे, म्हणजे खऱ्या पेशंटजवळच्या कामाचे तास, दुसऱ्याचे त्यातले पंचवीस टक्के सिम्युलेशनमध्ये, तिसऱ्याचे चक्क निम्मे. ज्ञान, कौशल्य, परवाना परीक्षेचा निकाल, कशातही लक्षणीय फरक दिसला नाही. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतही नाही. अर्थात शिक्षकांना सिम्युलेशनचं खास प्रशिक्षण होतं, आणि उरलेले निम्मे तास खऱ्या पेशंटजवळच गेले. वॉर्ड बंद करा असं त्यातून निघत नाही.

राहिलं 'आपोआप शिकतील'. मला सगळ्यात खटकतं ते हेच. वॉर्डात नवखी मुलगी चुकायला लागली की सीनियर सिस्टर काम हातात घेते. घ्यायलाच हवं. पण आपली चूक पुढे कुठे गेली असती, हे त्या मुलीला दिसतच नाही. शिवाय पोस्टिंगच्या दिवशी कोणती केस येईल हे नशिबावर.

सिम्युलेशनच्या लॅबमध्ये बघा. पेशंटला धाप लागलीय, तो सपाट झोपलाय. विद्यार्थिनी बीपीचा कफ गुंडाळण्यात गुंग. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायचं तिला सुचत नाही, ऑक्सिजन खाली खाली जातोय, आणि कोणीही मधे पडत नाही. नंतर सगळे गोल बसतात, म्हणजे डिब्रीफिंग. तिथे ट्यूटर 'काय चुकलं?' विचारत नाही. 'तो धापा टाकत होता तेव्हा तुझं लक्ष कशावर होतं?' असं विचारते. 'आधी सगळी व्हायटल्स लिहून काढायची, असं वाटलं,' (व्हायटल्स म्हणजे नाडी, बीपी, ताप वगैरे) हे उत्तर बाहेर आलं की शिकवायला खरी जागा सापडते. वॉर्डाच्या धावपळीत हा प्रश्न विचारायला सवड कोणाला?

महागड्या उपकरणांचा बाऊही नको. हात धुणं, कूस बदलणं, बीपी घेणं यासाठी संगणकावर श्वास घेणारी बाहुली लागत नाही.

पण जिथे एका बाहुलीपुढे अख्खी बॅच रांगेत उभी असते आणि 'झालं? चला, पुढची' एवढंच डिब्रीफिंग होतं, तिथे मेसेजवाल्याची तक्रार मला मान्य आहे. त्याने ती वेळापत्रक लावणाऱ्यांकडे न्यावी.