सहा वर्षे उलटली म्हणून हक्क बुडत नाही

अमेरिकेच्या सैन्यातून अपंगत्व घेऊन निवृत्त झालेल्यांसाठी लिहिलेला एक मजकूर सध्या फार फिरतो आहे, आणि सैन्यात मुले असलेल्या इथल्या मराठी घरांतही तो पोहोचला आहे. त्याचा आशय असा: लढाईशी निगडित विशेष भरपाईसाठी, म्हणजे सीआरएससीसाठी, घाईने अर्ज करू नये, व्हीएची, म्हणजे माजी सैनिक व्यवहार विभागाची, अपंगत्वाची अंतिम टक्केवारी हाती येईपर्यंत थांबावे, व्हीएने दुखापत मान्य केली की ही रक्कम आपोआप सुरू होते, निवृत्तीला सहा वर्षे झाली असतील तर अर्ज करण्यात अर्थ नाही, आणि वीस वर्षे सेवा झाली नसेल तर हा विषय आपला नाहीच. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, परंतु यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि त्यावर विसंबून थांबणाऱ्याचे खरेखुरे नुकसान होते.

आधी मूळ गोष्ट. निवृत्त सैनिक व्हीएकडून अपंगत्वाची भरपाई घेऊ लागला की सर्वसाधारण नियमानुसार त्याच्या निवृत्तिवेतनातून तेवढीच रक्कम वजा होते. ही वजावट भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. ज्यांची सेवा वीस वर्षांची आहे आणि व्हीएची टक्केवारी ५० किंवा अधिक आहे, त्यांना २००४ पासून सीआरडीपी, म्हणजे निवृत्तिवेतन आणि व्हीएची भरपाई दोन्ही एकत्र मिळण्याची सवलत, मिळते, आणि तिच्यासाठी सहसा वेगळा अर्ज करावा लागत नाही. दुसरा मार्ग सीआरएससीचा. डिसेंबर २००२ मध्ये झालेल्या कायद्याने ती आली आणि २००३ च्या जूनपासून लागू झाली. तिच्यासाठी मात्र डीडी २८६० हा अर्ज स्वतः भरावा लागतो, आणि तो व्हीएकडे न जाता आपण ज्या सेनादलातून निवृत्त झालो त्या दलाकडे जातो.

आता 'अंतिम टक्केवारीपर्यंत थांबा' या सल्ल्याकडे वळू. कायद्याला शंभर टक्के लागत नाहीत. निवृत्तिवेतनाचा हक्क आणि लढाईशी निगडित ठरणारे किमान १० टक्के अपंगत्व एवढे पुरते. व्हीएतली अपिले वर्षानुवर्षे चालतात, आणि तोवर जी दुखापत आधीच मान्य झालेली आहे तिचे पैसेही अर्ज नाही म्हणून अडून राहतात. पुढे व्हीएने नवी व्याधी मान्य केली तर ती त्याच दलापुढे नव्याने मांडता येते; पहिला अर्ज केल्याने ती वाट बंद होत नाही. म्हणून निवृत्तीचा आदेश आणि व्हीएचा पहिला अनुकूल निर्णय हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज भरायला बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला माझ्या घरातलेच एक उदाहरण कारण झाले. माझ्या मावसबहिणीचा मुलगा छत्रीदलात होता आणि आठ वर्षांच्या सेवेनंतर वैद्यकीय कारणाने निवृत्त झाला. त्याच्या गुडघ्याची दुखापत व्हीएने मान्य केली होती. सीआरएससीसाठी अर्ज केला तेव्हा मात्र गुडघा नामंजूर होऊन आला. आम्ही त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे कागद पसरून बसलो, तेव्हा कारण लक्षात आले. उपचाराच्या नोंदीत एवढीच ओळ होती: 'पडल्यामुळे उजव्या गुडघ्याला मार.' कुठून पडला, कसा पडला, त्या दिवशी काय चालले होते, याचा एक शब्दही नाही. तो म्हणाला, "मावशी, रात्रीच्या उडीत पडलो हे मी तेव्हा सांगितलं होतं, पण लिहिणाऱ्याने लिहिलंच नाही." पुढे त्याच्या उड्यांची नोंदवही सापडली, तारीख जुळली, तुकडीच्या एका कागदावर त्या रात्रीचा सराव निघाला, आणि फेरविचारात गुडघा मंजूर झाला. ती नोंदवही आणखी दहा वर्षांनी कुठे असती, हे मला सांगता येणार नाही.

'व्हीएने मान्य केले की आपोआप मिळते' या विधानाचे उत्तरही याच प्रसंगात आहे. दुखापतीचा सेवेशी संबंध आहे का, एवढे व्हीए पाहते. सीआरएससी देणारे दल त्यापुढचे विचारते, की ती दुखापत नेमकी कशाने झाली. प्रत्यक्ष सशस्त्र संघर्षात, पॅराशूटने उडी मारणे, सुरुंग हाताळणे किंवा पाणबुड्याचे काम यांसारख्या धोक्याच्या कर्तव्यात, युद्धसदृश सरावात, किंवा रणगाडा वा शस्त्र यांसारख्या युद्धसाधनामुळे झालेली दुखापत यात बसते. ज्या जखमेसाठी पर्पल हार्ट, म्हणजे शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना दिले जाणारे पदक, मिळाले ती तर बसतेच. रोजच्या व्यायामात धावताना मुरगळलेला पाय मात्र व्हीएने मान्य केला असला तरी यात बसत नाही. हे ठरवायला कागद लागतात. सोबत्याचे पत्र उपयोगी पडते, पण अधिकृत नोंदीची जागा ते सहसा घेऊ शकत नाही. सरावाचा आदेश, उपचाराची त्याच दिवसाची नोंद, पदकाचे मानपत्र, व्हीएच्या निर्णयपत्राची सगळी पाने हे सारे निवृत्तीच्या वेळी मिळवणे जितके सोपे असते तितके पुन्हा कधीच नसते.

सहा वर्षांच्या विधानाने सर्वांत जास्त माणसे मागे फिरवली आहेत, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. मुळात उशिरा आलेला अर्ज केवळ तेवढ्याच कारणाने फेटाळला जात नव्हता. सरकारवरील आर्थिक दाव्यांना सहा वर्षांची मुदत घालणारा एक सर्वसाधारण कायदा आहे, आणि त्याच्या आधारे मागच्या थकबाकीला सहा वर्षांची कात्री लावली जात होती. पुढची मासिक रक्कम मिळतच होती. सायमन सोटो या मरीन सैनिकाच्या बाबतीत हेच घडले. इराकमध्ये त्याच्याकडे मृत सैनिकांचे देह शोधून परत आणण्याचे काम होते. २००६ मध्ये तो वैद्यकीय कारणाने निवृत्त झाला, त्याचा मानसिक आघाताचा विकार व्हीएने पुढे मान्य केला, आणि सीआरएससीसाठी त्याने अर्ज केला तो २०१६ मध्ये. रक्कम मंजूर झाली, पण थकबाकी फक्त २०१० पर्यंत मागे गेली. त्याने हजारो निवृत्तांच्या वतीने दावा लावला. १२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सीआरएससीचा कायदा स्वतःच दावे निकाली काढण्याचा अधिकार देतो, त्यामुळे सहा वर्षांची ती सर्वसाधारण मुदत इथे लागू होत नाही. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी तो निकाल लिहिला.

या निकालानंतर 'मग आता कितीही थांबले तरी चालेल' असा उलटा अर्थ काही जण काढू लागले आहेत, आणि तोही तितकाच घातक आहे. न्यायालयाने मुदत काढली. पुरावा द्यायची गरज काढलेली नाही. शिवाय थकबाकी अमर्याद मागे जात नाही. व्हीएचा निर्णय ज्या तारखेपासून लागू होतो तिच्या आधी ती जाऊ शकत नाही, आणि वीस वर्षांपेक्षा कमी सेवेच्या वैद्यकीय निवृत्तांसाठी १ जानेवारी २००८ च्याही आधी नाही, कारण त्यांना या योजनेत घेतले गेले तेच त्या दिवशी.

वीस वर्षांच्या अटीचा मुद्दा यातच निकालात निघतो. कमी सेवेच्या वैद्यकीय निवृत्तांना हक्क आहे, रकमेला मात्र मर्यादा आहे: वजावटीनंतर उरलेले निवृत्तिवेतन आणि सीआरएससी मिळून, सेवेच्या वर्षांवर निघणाऱ्या निवृत्तिवेतनापेक्षा जास्त होता कामा नये. समजा, हिशोबासाठी धरलेले मूळ वेतन ३,२०० डॉलर आहे आणि सेवा आठ वर्षांची. वर्षाला अडीच टक्क्यांप्रमाणे २० टक्के, म्हणजे महिन्याला ६४० डॉलर. व्हीएच्या वजावटीत निवृत्तिवेतन पूर्ण गेले असेल, तर जास्तीत जास्त एवढे मिळतील. रक्कम मोठी नाही, पण ती करमुक्त आहे आणि दर महिन्याला येते.

अर्ज न करणेच योग्य ठरावे अशा स्थितीही आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. राखीव दलातून निवृत्त झालेल्याला निवृत्तिवेतन सुरू होण्याचे वय येईपर्यंत थांबावेच लागते. एकरकमी पैसे देऊन ज्याला सेवेतून मोकळे केले गेले, तो निवृत्तिवेतनधारक नसल्याने या योजनेत येत नाही. मात्र सीआरडीपी घेणाऱ्याने 'मला आधीच मिळते आहे' म्हणून अर्ज टाळू नये. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत हे खरे. पण सीआरडीपीवर कर लागतो, सीआरएससीवर लागत नाही, आणि दोहोंसाठी पात्र असलेल्याला दर जानेवारीत निवड बदलता येते. सीआरएससी मंजूर करून घेतलेलीच नसेल, तर ती निवड त्याच्यापुढे येतच नाही.

शेवटी एक गोष्ट, जिचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. सीआरएससी हे कायद्याच्या दृष्टीने निवृत्तिवेतन नाही आणि ती सैनिकाच्या मृत्यूबरोबर थांबते; पत्नीला किंवा पतीला मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनात ती धरली जात नाही. ज्याने वाट पाहत अर्जच केला नाही, त्याच्या माघारी तो पडला तेव्हा नेमके काय चालले होते, हे सांगायला घरातल्या कोणाला बसावे लागेल, हे माझ्या भाच्याच्या टेबलावरच्या त्या एका ओळीने मला दाखवले.