ढेकर आलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो आहे. बाळाला ढेकर येईपर्यंत खाली ठेवू नये, अर्धा तास लागला तरी पाठ जोराने थोपटावी, ढेकराविना उताणे झोपवल्यास दूध फुप्फुसात जाते म्हणून पालथे झोपवावे, आणि तरीही ढेकर न आल्यास ओव्याचे पाणी चाटवावे, असे त्यात म्हटले आहे. पाजल्यावर बाळाला थोडा वेळ उभे धरावे एवढे त्यातले रास्त आहे.

ढेकर म्हणजे दुधाबरोबर गिळलेली हवा वर येणे, आणि ती दरवेळी सारखी गिळली जात नाही. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग तोंडात नीट धरून पिणारे बाळ कमी हवा घेते. बाटलीने पिणारे किंवा रडून रडून मग प्यायला लागलेले बाळ जास्त घेते. म्हणून अंगावर पाजताना बाजू बदलण्याच्या वेळी, बाटलीने पाजताना मध्ये एकदा, आणि शेवटी, खांद्यावर दुपटे टाकून बाळाची हनुवटी त्यावर येईल असे धरावे, एका हाताने मान सावरावी आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठ हलकेच थोपटावी. पाच-दहा मिनिटांत ढेकर आला नाही तर बाळाला खुशाल ठेवावे. जोराने थोपटून हवा लवकर सुटत नाही, प्यायलेले दूध मात्र बाहेर येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात ७१ माता-बालकांच्या जोड्या होत्या. ढेकर काढल्याने पोटदुखीचे रडणे कमी झाले नाही, उलट दूध टाकणे वाढले. अभ्यास लहान आहे, त्यावरून ढेकर काढूच नये असे ठरत नाही. पण ढेकर न आल्यास अनर्थ होतो, या भीतीला त्यात आधार सापडत नाही.

खरा धोका पालथे झोपवण्यात आहे. बाळ उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध खालच्या अन्ननलिकेकडेच परतते. पालथे केले की हा क्रम उलटतो आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी येते. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोकाही पालथ्या झोपेत वाढतो. आज्जीने जागेपणी, नजरेसमोर, मांडीवर पालथे घेतले तर त्याला कोणाची हरकत नाही.

ओवा बाळंतिणीने खावा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही.

थोडे दूध टाकणारे पण वजन वाढणारे बाळ आजारी नसते. उलटी हिरवी असेल, तीत रक्त दिसले, ती दूरवर फेकल्यासारखी होत असेल किंवा वजन अडले असेल, तर ढेकराच्या खटपटीत वेळ न घालवता तायी कार्ड (कर्नाटकात मिळणारे आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचे कार्ड) घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.