'इम्युलेटर असताना फोन कशाला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक अभियंता' या टोपणनावाने लिहिणारे महोदय,

नागपुरातल्या कॉलेजांनी मिळून शे-दोनशे फोन घ्यावेत, स्वयंसेवकांनी ते रोजच्यासारखे वापरावेत आणि कुठल्याही कॉलेजच्या संशोधकाला त्यांवर आपला प्रयोग चालवता यावा, एवढंच मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर इम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा, दाखला देत तुम्ही म्हणता, "इम्युलेटरवर सगळं तपासता येतं. घरबसल्या पांढरे हत्ती पाळायचे सल्ले देऊ नका." शिवाय गोपनीयता, खर्च, देखभाल वगैरे.

माझ्या लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, कबूल. पण 'घरबसल्या'? अहो, मतभेद असू द्या, हा सूर कशाला?

माझी उमेदीची वर्षं मोबाइल ॲप लिहिण्यात गेली. मालवाहू गाड्यांचा ठावठिकाणा कळवणारं एक ॲप आमच्या इम्युलेटरवर बिनबोभाट चालायचं. कळमना बाजारात ड्रायव्हरने फोन खिशात टाकला की ठिकाण यायचं बंद. स्क्रीन उघडली की साचलेले सगळे ठिपके नकाशावर एकदम पडायचे. फोन कंपनीच्या बॅटरी-बचतीने ॲप झोपवलेलं असायचं. इम्युलेटरमध्ये बॅटरी किती उरली हे आपणच सरकपट्टी ओढून ठरवतो, जीपीएसचं ठिकाणही आपणच भरतो. मे महिन्यात वर्धा रोडवर दुचाकीच्या हँडलला लावलेला फोन तापून मंदावतो, तो कुठल्या सरकपट्टीवर दाखवणार? सीताबर्डीहून सुटलेल्या मेट्रोत टॉवर बदलताना तुटणारं कनेक्शन? तुम्ही ते कधी पाहिलंय का, असं विचारणं उद्धटपणाचं होईल, म्हणून विचारत नाही.

आणि ही काही माझ्या डोक्यातली टूम नाही. अमेरिकेत बफेलो विद्यापीठाने 'फोनलॅब'मध्ये लोकांच्या हाती अँड्रॉइड फोन देऊन हेच केलं. रटगर्स विद्यापीठाच्या 'ऑर्बिट'मध्ये 400 रेडिओ नोड, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारी-घेणारी यंत्रं, एका जाळीत मांडले, बाहेरचे संशोधकही ते वापरतात. सामायिक असण्याचा फायदा हाच, की माझा निष्कर्ष खोटा वाटला तर तुम्ही त्याच यंत्रणेवर तोच प्रयोग करून मला तोंडघशी पाडू शकता. हॉस्टेलच्या मित्रांच्या चार फोनांवर केलेल्या प्रयोगाचं तसं होत नाही. सुट्टी लागली की पोरं आपापल्या गावी, फोनही त्यांच्यासोबत.

गोपनीयतेचं म्हणाल तर स्वयंसेवकांची संमती घेता येते, त्यात एवढं काय? खर्च कॉलेजं आपसात वाटून घेतील. देखभालीचं पुढे बघता येईल.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तर उत्तर देईन.